अंगारा लावा, पण गाडीही बोलवा: मुलांचं आजारपण, श्रद्धा आणि उपचार

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातून बातमी आली. चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या एका बाळाच्या पोटावर तापवलेल्या विळ्यानं ६५ चटके दिले होते. बाळ आजारी होतं आणि ते बरं व्हावं, एवढ्याचसाठी हे केलं होतं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तीन महिन्यांच्या मुलीला ५१ चटके दिले गेले आणि ती वाचली नाही. अशा बातम्या अधूनमधून येतच राहतात. दोन दिवस हळहळ होते, 'हे लोक कधी सुधारणार' असं म्हणून होतं आणि विषय मागे पडतो.

मला त्या 'हे लोक'वरच थांबायचं आहे. चटके देणारी माणसं त्या बाळाची वैरी नव्हती. बाळ रात्रभर कण्हत होतं आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. ओळखीचा, विश्वासाचा जो उपाय त्यांना ठाऊक होता, तो त्यांनी केला. आपल्या गावाशहरांतल्या घरांतही मूल तापानं फणफणलं की आधी दृष्ट काढली जाते, देव्हाऱ्यातला अंगारा लागतो, कुणी पीरबाबाचं पाणी आणतं, कुणी चर्चमध्ये मेणबत्ती लावतं. यातलं काय चालतं, काय चालत नाही, आणि सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे साध्या शब्दांत मांडायचा हा प्रयत्न.

डंबा म्हणजे काय

मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू समाजाची वस्ती मोठी आहे. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, पोटावरच्या शिरा दिसू लागल्या, बाळ दूध ओढेनासं झालं, की त्याच्या पोटावर तापलेल्या लोखंडानं डागण्या देतात. याला डंबा म्हणतात. गावातला पारंपरिक वैदू म्हणजे भूमका, किंवा घरातलीच एखादी म्हातारी बाई हे करते.

फुगलेलं पोट हा स्वतंत्र आजार नसतो, ती आतल्या बिघाडाची खूण असते. कधी नुसता वात धरलेला असतो आणि तो आपोआप सरतो. कधी बाळाला न्यूमोनिया असतो. कधी आतड्यात अडथळा असतो. कधी जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असतो. याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. नवजात बाळाच्या बाबतीत हा शब्द सर्वांत धास्तीचा. यांतल्या कशालाही पोटाच्या कातडीवरून हात घालता येत नाही. उलट तान्ह्या बाळाची कातडी हे जंतूंना अडवणारं त्याचं पहिलं कुंपण असतं. तीन किलोच्या बाळाच्या पोटावर डागण्या दिल्या, की ते कुंपण साठ ठिकाणी तुटतं. आधीच संसर्गाशी झगडणाऱ्या शरीरात आणखी जंतू शिरतात, अंगातलं पाणी जातं, आणि वेदनेनं बाळ दूध प्यायचंही थांबतं.

मग गुण येतो तो कसा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डंबा, मंत्र, गंडादोरा, अंगारा यांच्यावर पिढ्यान् पिढ्या विश्वास टिकला, कारण लोकांनी डोळ्यांसमोर मुलं बरी होताना पाहिली. ती खरोखरच बरी झाली होती.

मुलांचे बहुतेक आजार आपोआप बरे होतात. सर्दी, साधा ताप, कांजिण्या, बहुतेक जुलाब हे शरीर स्वतःच्या ताकदीवर परतवतं. शिवाय आपण देवऋषीकडे कधी जातो? दुखणं कळसाला पोचलेलं असतं तेव्हा. आपोआप उतरणारा ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असेल आणि आपण दुसऱ्या रात्री दोरा बांधला, तर श्रेय दोऱ्याला जातं. डंब्याचंही तसंच. डागण्यांनी किंचाळून किंचाळून बाळ थकतं आणि निपचित झोपतं. घरच्यांना वाटतं, आराम पडला.

आणि जी मुलं वाचली नाहीत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. 'आयुष्य तेवढंच होतं' म्हणून त्या पुरल्या जातात. बरं झालेलं मूल गावात हिंडताना दिसतं, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. गेलेलं मूल साक्ष द्यायला येत नाही. म्हणून आजीचा अनुभव खोटा नसतो, तो अर्धा असतो.

सापाच्या मांत्रिकाचं यशही असंच आहे. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे येणाऱ्या कित्येक जणांना विष चढलेलंच नसतं. ते बरे होऊन नारळ फोडतात. ज्याला खरोखर विष चढलंय, तो मात्र मंत्र चालू असतानाच हातातून निसटतो.

मुलांच्या बाबतीत घाई का?

माझ्या मते सगळा विषय या एका गोष्टीशी येऊन थांबतो. भांडण देव आणि डॉक्टर यांच्यात नाहीच. भांडण आहे ते वेळेशी.

रांजणाला आणि तांब्याला सारखंच भोक पडलं, तर तांब्या आधी रिकामा होतो. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून जुलाबांवाटे एक लिटर पाणी गेलं, तर तो थकेल, डोकं धरेल, ताक पिऊन सावरेल. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून तेवढंच पाणी गेलं, की वजनाचा दहावा हिस्सा गेला. मूल शुद्ध हरपण्याच्या टोकाला येतं, आणि हे दिवसभरातही होऊ शकतं. श्वासाचं तेच. बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात, थोडी सूज आली तरी वाट बुजते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. सकाळी 'जरा मलूल आहे' असं वाटणारं बाळ संध्याकाळी अतिदक्षता विभागात असू शकतं.

त्यात मूल बोलत नाही. मोठा माणूस छातीत कळ आली की सांगतो. तान्हं बाळ फक्त दूध सोडतं.

म्हणून 'आधी देवाचं करून बघू, नाहीच गुण आला तर उद्या नेऊ' हे वाक्य मोठ्यांच्या सांधेदुखीला कदाचित चालून जाईल. लहान मुलाच्या बाबतीत त्या 'उद्या'तच जीव जातो. उपास, नवस, जप, दुवा यांनी न्यूमोनिया वाढत नाही. त्यांच्यापायी गेलेल्या बारा तासांत मात्र वाढतो.

महाडच्या विंचवाची गोष्ट

वेळेचा हिशेब किती कठोर असतो, हे कोकणानं पाहिलंय. रायगड-रत्नागिरीकडचा तांबडा विंचू चावला की पूर्वी माणसं जायची, आणि त्यात मुलांचं प्रमाण मोठं. मूल घामानं भिजायचं, हातपाय गार पडायचे, मग छातीत घरघर लागायची. विष उतरवायला मांत्रिक यायचा. दवाखान्यात नेलं तरी नेमकं काय द्यायचं, हे त्या काळी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हे विष काय करतं याचा छडा लावला. विषामुळे शरीरात एक रासायनिक वादळ उठतं, रक्तदाब भडकतो, मग हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. यावर रक्तदाबाचं एक जुनं, स्वस्त औषध, प्राझोसिन, लागू पडतं, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत. औषध वेळेत मिळू लागल्यावर ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातला 'वेळेत' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गोळी तीच, मूल तेच. पहिल्या काही तासांत पोचलं तर हसत घरी जातं, फुप्फुसात पाणी भरल्यावर पोचलं तर डॉक्टरांची शर्थ होते. मधले तास कुठे गेले, हेच बघायचं.

'हे अडाण्यांचं, आमच्यात नाही'

असं म्हणणाऱ्यांनी नवजात बाळाच्या काविळीचं उदाहरण घ्यावं. जन्मानंतर बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते आणि आठ-पंधरा दिवसांत ती ओसरते. काहींची मात्र वाढत जाते, रक्तात साठलेला पिवळा घटक मेंदूत शिरतो आणि कायमचं नुकसान करतो: बहिरेपण, हातापायांचा ताठरपणा. निळ्या प्रकाशाखाली दोन-तीन दिवस ठेवलं की हे टळतं, इतका सोपा उपचार आहे. पण पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही 'आमच्याकडे एक जण कावीळ उतरवतात' हे ऐकू येतं. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली असं मानतात. पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या झाडपाल्याच्या रसामुळे. बाळाच्या रक्तातल्या पिवळ्या घटकाचा आकडा जिथल्या तिथे असतो, किंवा चढत असतो.

गोवराचं तसंच. अंगावर पुरळ उठलं की देवी आली म्हणतात, कडुलिंब ठेवतात, औषध द्यायचं नाही म्हणतात. कडुलिंबाबद्दल तक्रार नाही. पण गोवरात मूल जातं ते त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियानं आणि जुलाबांनी, आणि डोळेही जाऊ शकतात. सलग दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात ते याचसाठी. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लसीबद्दलचा संशय घालवायला मौलवी पुढे आले होते. मशिदीतून लसीचं आवाहन झालं. श्रद्धेच्या जागा उपचाराच्या आड येतात तशाच उपचाराकडे नेऊही शकतात.

अमेरिकेतली मुलं

हा प्रश्न गरिबीचा आणि शिक्षणाच्या अभावाचा आहे, अशी समजूत असेल तर अमेरिकेकडे बघावं. तिथे काही ख्रिस्ती पंथ औषध घेणं हा देवावरचा अविश्वास मानतात. मूल आजारी पडलं की प्रार्थना करायची, डोक्याला तेल लावायचं, डॉक्टर बोलवायचा नाही. १९७४ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, की बालसंरक्षणाचा निधी हवा असेल तर राज्यांनी अशा पालकांना कायद्यात सूट द्यावी. ती सक्ती १९८३ मध्ये उठली, पण कित्येक राज्यांच्या कायद्यांत सूट तशीच राहून गेली.

१९९८ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणानं उपचार न मिळालेल्या १७२ मुलांचे मृत्यू त्यात तपासले होते. त्यांतल्या १४० मुलांना असे आजार होते, की उपचार झाले असते तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त होती. साधा न्यूमोनिया, मेंदूज्वर, फुटलेलं अपेंडिक्स, मधुमेह.

विस्कॉन्सिन राज्यातला २००८ चा खटला मला विसरता येत नाही. अकरा वर्षांची मुलगी. तिला लहान वयात होणारा मधुमेह झाला होता, यात शरीर इन्शुलिन बनवणंच थांबवतं. तहान वाढली, थकवा वाढला, मग चालता-बोलता येईना. आईवडील तिच्याभोवती बसून प्रार्थना करत राहिले. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांनी पोलिसांना फोन करून कुणीतरी जाऊन बघा म्हणून विनवलं. मदत पोचेपर्यंत उशीर झाला होता. इन्शुलिन १९२२ पासून उपलब्ध आहे. आईवडिलांना न्यायालयानं दोषी ठरवलं आणि २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. त्या घरात मुलीला मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. प्रेम भरपूर होतं. प्रेम आणि प्रार्थना दोन्ही पूर्ण मनानं केलेल्या, आणि तरी रक्तातली साखर चढतच गेली. शिक्षण, पैसा, रस्ते, फोन, रुग्णवाहिका हे सगळं हाताशी असूनही हे घडलं.

प्रार्थनेनं काहीच होत नाही का?

प्रार्थनेचं मोजमाप करायचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के निघालं, म्हणजे फरक नाहीच. ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं सांगितलं होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के होतं.

यावरून देव आहे की नाही हे ठरत नाही, आणि कुणी तसं ठरवूही नये. एवढंच कळतं, की प्रार्थना औषधाच्या जागी ठेवता येत नाही.

पण अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर रात्र काढणाऱ्या आईला प्रार्थना काय देते, हे कुठल्या तक्त्यात मावणारं नाही. हातात माळ असली की हात थरथरत नाहीत. डॉक्टर काय सांगतात ते ऐकू येतं, औषधांच्या वेळा लक्षात राहतात, चौथ्या दिवशीही धीर सुटत नाही. कॅन्सर झालेल्या मुलाचे उपचार दोन-दोन वर्षं चालतात. ते अर्धवट सोडले जाऊ नयेत यासाठी कुटुंबाला कशाचा तरी आधार लागतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटा रुग्णालयात येणारे गोरगरीब रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहतात. श्रद्धेनं उपचाराला दिलेला हात बघायचा असेल तर तिथे जावं.

'मूल आमचं, निर्णय आमचा'

हा आक्षेप वजनदार आहे. मुलाच्या भल्याचं आईबापांइतकं कुणाला कळणार? एरवी हे खरंच आहे. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, काय खाऊ घालायचं, कुठला देव शिकवायचा, यात सरकारनं नाक खुपसू नये.

सज्ञान माणूस स्वतःसाठी उपचार नाकारू शकतो. पोट त्याचं, जीव त्याचा, श्रद्धा त्याची. २२ दिवसांच्या बाळाची श्रद्धा कोणती? ते अजून कुठल्याच पंथाचं झालेलं नाही. मोठं झाल्यावर ते आईवडिलांचा धर्म पाळेल किंवा पाळणारही नाही, पण त्यासाठी आधी मोठं व्हायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४४ मध्ये एका वेगळ्याच खटल्यात म्हटलं होतं, की आईवडील स्वतः हुतात्मा होऊ शकतात, पण मुलांना हुतात्मा करण्याचा हक्क त्यांना नाही.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य दिलंय, आणि त्याच वाक्यात ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवलंय. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाला मारहाण करणं किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. कायद्याला जोडलेल्या यादीत बारा कृत्यं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं त्यात येतं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणंही येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, आणि दंड.

'म्हणजे आता घरात पूजाही करायची नाही का?' असा प्रचार तेव्हा झाला आणि अजून होतो. कायदा उघडून बघावा. वारी, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन, घरातली किंवा देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली प्रार्थना, ज्यानं कुणाच्या शरीराला इजा होत नाही की आर्थिक नुकसान होत नाही, ते सगळं या कायद्यानं स्पष्ट शब्दांत बाजूला ठेवलंय. सटवाई पूजा, पाचवी करा, नवस फेडा. कायद्याचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

'दवाखान्यात तरी काय मिळतं?'

हा आक्षेप मेळघाटात आणि गडचिरोलीत हक्कानं विचारला जातो, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गावाबाहेर पडता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी असते. मोठ्या रुग्णालयात भाषा कळत नाही, बापाची मजुरी बुडते, मागे घरी दुसरी लेकरं असतात. वर कुणीतरी खेकसतं, 'इतके दिवस काय झोपला होता?' भूमका मात्र मध्यरात्री हाक मारली तरी येतो, कोरकूत बोलतो आणि बाळाच्या आजोबांचं नाव त्याला ठाऊक असतं. त्या आईच्या जागी आपण असतो तर कुणाकडे गेलो असतो?

म्हणून नुसता गुन्हा नोंदवून डंबा थांबेल असं मला वाटत नाही. डागणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी, पण फक्त तीच झाली तर लोक बाळाला दवाखान्यात आणणंच टाळतील, चटके लपवायला. मेळघाटात भूमकांनाच विश्वासात घेऊन, रुग्ण दवाखान्यात पाठवल्याबद्दल मानधन देण्याचा प्रयत्न झाला, तो मला शहाणपणाचा वाटतो. भूमका म्हणाला 'माझं मी करतो, पण आधी दवाखाना', की सगळं गाव ऐकतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? पांढऱ्या भिंतींच्या मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं उत्तर आलं. मग गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव दिलं गोंडांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. देवीच्याच दारात सलाईन लागलं, मग देवी की डॉक्टर हा प्रश्न कुणी विचारायचा?

याच संस्थेनं ३९ गावांत स्थानिक बायकांना नवजात बाळं तपासायला शिकवलं. वजन करणं, श्वास मोजणं, सेप्सिस ओळखणं, घरीच प्रतिजैविक देणं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येते, ती याच कामातून उगवलेली पद्धत. ती दारात आली की तिला बाळ उघडं करून दाखवा.

घरात काय बघायचं

बाळाचा सदरा वर करा. उजेडात, बाळ शांत असताना, छाती आणि पोट यांच्याकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे चाळीस किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जात असेल तर मोजत बसू नका, निघा.

दूध किंवा पाणी पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, झटके येतात, हलवलं तरी डोळे उघडत नाही, तान्हं बाळ गार पडलंय किंवा तापलंय, अंग सैल पडलंय: यांतलं एकही दिसलं तर तो तास दवाखान्याचा. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात एक वर्षाच्या आतल्या बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते.

जुलाबांत ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं, अर्धं नाही, आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. कुत्रा चावला किंवा त्यानं ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्यामुळे 'कुत्रं गावातलंच आहे, बघू' याला जागा नाही.

आणि घरात सासूबाई अंगारा घेऊन उभ्या असतील तर वाद घालायची ती वेळ नव्हे. 'आई, तुम्ही अंगारा लावा, दृष्ट काढा, मी तोवर गाडी सांगते.' एवढं म्हणायचं. अंगारा लावायला एक मिनिट लागतं. गाडी यायच्या आत ते होतं.

डॉक्टरांपासून लपवू नका

ज्यांच्या मुलाला आधीच काहीतरी करून झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. झाडपाल्याचा रस पाजला असेल, बाळाच्या नाकातोंडात तेल किंवा धूर गेला असेल, डाग दिले असतील, तर डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा. तेल फुप्फुसात गेलं तर वेगळा न्यूमोनिया होतो. काही मुळ्या आणि बिया हृदयाचे ठोके बिघडवतात. डागाची जखम कपड्याखाली राहिली तर संसर्ग तिथूनच वाढतो. आईबाप लाजेपोटी गप्प बसतात आणि डॉक्टर चुकीच्या दिशेला शोधत राहतात.

भाजलेल्या जागेवर हळद, राख, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. नुकतंच भाजलं असेल तर साधं पाणी ओता, बाळाचं बाकीचं अंग उबदार ठेवा, स्वच्छ सुती फडक्यानं झाका आणि निघा. शेजारी असं काही चालल्याचं कळलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवता येतं.

आणि टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टर, सिस्टर, आशाताई यांना विनंती, की पोटावरचे डाग दिसले तरी त्या घटकेला आईवर ओरडू नका. ती आत्ता तुमच्यासमोर बसली आहे, म्हणजे तिनं योग्य दार गाठलंय. आज खेकसलात तर पुढच्या आजारात ती येणार नाही, आणि तिची जाऊबाईही येणार नाही. बाळाला आधी बघा, पोलिसांना कळवायचं ते नियमाप्रमाणे कळवा, आणि तिच्या गळ्यातल्या गंड्याला हात लावू नका.